कासवाची मान

थोरल्याने लाकडी कासव बैठकीच्या टेबलावर ठेवले आणि लिफ्टमध्ये दिलेला शब्द पहिल्याच वाक्यात मोडला.

“हे मी माझ्यासाठी केलं,” तो म्हणाला. “ल... लहानपणीच्या माझ्यासाठी.”

धाकट्याने चमकून पाहिले. खेळण्यांच्या कंपनीपुढे तू बोल, पण घडवणारा म्हणून माझे नाव घे, एवढेच त्याने अडखळत मागितले होते. वेड्या, तुझंच घेणार, कासव माझ्या नावावर शोभेल का, असे म्हणून दादाने त्याच्या पाठीवर थाप मारली होती. आता त्याची ओळख करून दिली गेली ती, सामान धरायला आलेला धाकटा भाऊ, अशी.

दादा जन्मात कधी अडखळला नव्हता. आज अडखळत होता, आणि किती देखणेपणाने! शब्दाच्या उंबरठ्यावर तो थबके, समोरच्यांचे श्वास थबकत, मग शब्द सुखरूप आत येई. वर्गातले हसू, घशात रुतलेले स्वतःचे नाव, दुकानात नुसते बोट दाखवून मागितलेली पेन्सिल. धाकट्याचे सारे बालपण त्याने एकेक करून अंगावर चढवले.

आवाज ऐकला की कासव मान बाहेर काढते, तो सांगत होता. मूल कितीही वेळ अडले तरी ते वाट पाहते. बोलणे संपले, की मुलानेच त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा. मगच ते मान डोलावून आत घेते.

संचालिकाबाईंनी चष्मा काढून डोळे टिपले. त्यांचा नातू असाच अडतो, म्हणाल्या.

धाकटा उठून उभा राहिला.

“म... मी...” पुढचा शब्द टाळूला चिकटला. “हे क... क... क...”

बाईंचा चेहरा दगडासारखा झाला. “पुरे. मोठ्या भावाची नक्कल करताय? लाज नाही वाटत?”

कासव तेवढे मान उंचावून धाकट्यासाठी थांबले होते.

त्याने दादाकडे पाहिले. एक वाक्य पुरे होते, आणि ते उच्चारताना दादाची जीभ कुठेही अडली नसती.

“असू द्या, मॅडम,” थोरला हळुवारपणे म्हणाला. “स... सवय आहे मला.” आणि त्याने कासवाच्या पाठीवरून हात फिरवला.

कासवाने मान डोलावली आणि आत घेतली.