तिसरा पर्याय

पहिला पर्याय खर्चिक होता, दुसरा क्रूर. चारुदत्तने दोन्ही खोडले आणि तिसरा ठेवला. होडीने आलेल्याला राहू द्यायचं, पण बायकामुलांना कधीच बोलवू द्यायचं नाही. मग कोण कशाला जिवावर उदार होऊन समुद्रात उतरेल?

दक्षिणेकडच्या एका दूरच्या देशाला निर्वासितांच्या होड्या थांबवायच्या होत्या, आणि अबुधाबीतली चारुदत्तची कन्सल्टन्सी त्यांना उपाय सुचवत होती. साल १९९९. माणूस वाईट नव्हता हो. होडी बुडाल्याची बातमी वाचली की त्याला घास गिळवत नसे.

"गोळीबार नाही, तुरुंग नाही," तो बायकोला, उर्मिलाला म्हणाला. "एकही माणूस बुडणार नाही बघ."

उर्मिलाचं लक्ष ब्लाउजच्या मापाकडे होतं. वरच्या मजल्यावरची कुबरा टाचण्या लावत होती. मूळची अफगाणिस्तानची, शिवणकाम करायची. नवरा परदेशात टॅक्सी चालवत होता. त्याने कागद पाठवले की मायलेकी विमानाने जाणार. म्हणून उर्मिला आपल्या लेकीचं, केयाचं, काहीही देऊ लागली की कुबरा नको म्हणायची, सामान कशाला वाढवू.

तेवढ्यात केयाने आपलं लहान झालेलं, पोहायचं नारिंगी जॅकेट कुबराच्या लेकीला घातलं. पोर किंचाळून रडली. पाण्याची भारी भीती तिला, समुद्राकाठच्या कॉर्निशवर फिरतानासुद्धा आईचा हात सोडायची नाही. उर्मिलाने ते जॅकेट कपाटात ठेवून दिलं.

तिसरा पर्याय मंजूर झाला. चारुदत्तला प्रमोशन मिळालं, घरी पार्टी झाली, बॉसने हबीबी म्हणत मिठी मारली.

काही आठवड्यांनी कुबरा निरोप घ्यायला आली. डोळे सुजले होते. शेजार सुटताना रडू येतंच, असं उर्मिलाला वाटलं. तिचेही डोळे भरले. तिकीट झालंय, कुबरा म्हणाली.

चारुदत्तला मनापासून आनंद झाला. धीर धरला की सगळं रीतसर होतं, असं म्हणून एअरपोर्टवर मीच सोडतो असंही तो म्हणाला.

कुबराने मान डोलावली. मग चाचरत विचारलं, केयाचं ते नारिंगी जॅकेट अजून आहे का?

"अगं, पण ती पाण्याला भिते ना?" उर्मिला म्हणाली.

"भितेच. पण विमान इंडोनेशियापर्यंतच आहे, भाभी. पुढे होडी. तिचे अब्बाही तसेच गेले, आणि तसं गेलेल्याला आता बायकामुलांना बोलवता येत नाही."