सहा चकचकीत खुंट्या

ट्रेमधल्या सहाही खुंट्यांत तिला स्वतःचा चेहरा दिसला. दिसायला नको होता. काल संध्याकाळी तिने ठेवल्या तेव्हा त्या खडूसारख्या पांढुरक्या आणि खरखरीत होत्या.

"कुणी घासल्या?"

"मी सांगितलं घासायला," साहेब म्हणाले. कारखान्याच्या तपासणीला पाहुणे यायचे म्हणून जे जे मळकट दिसेल ते घासून काढा, असा त्यांचा हुकूम होता. जिना घासला गेला, नळ घासले गेले, पहारेकऱ्याने शिट्टीसुद्धा घासली. त्याच ओघात खुब्यात बसवायच्या टायटॅनियमच्या खुंट्याही पॉलिशच्या चाकावरून निघाल्या. साहेबांचं टक्कल तेवढं आधीपासूनच तयार होतं.

"साहेब, तो मळ नव्हता, थर होता. हाडात असतं तेच द्रव्य. तीन दिवस तापत्या झोतापुढे उभी राहून फवारलंय मी. हाडाला वाटतं, आपलंच कुणी आलं, मग ते त्यात रुजतं. नुसत्या धातूला ते विचारतही नाही."

"बाई, माझ्या घरची कढई तुमच्या खुंट्यांपेक्षा स्वच्छ असते."

"कढई कुणाच्या मांडीत ठोकायची नसते."

साहेबांनी पास-नापासचा कागद पुढे सरकवला. तिच्या सहीशिवाय माल बाहेर जात नव्हता. "ही सगळ्यात बारीक मापाची तुमच्या आत्याची ना? मंगळवारी ऑपरेशन. नापास केलीत तर ही भंगारात, आणि या मापाची नवी यायला दोन महिने. तोवर त्यांनी खाटेवर पडून राहायचं? बघा बुवा. आत्या तुमची आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्याची आधीची खुंटी अशीच गुळगुळीत होती, दीड वर्षात हलायला लागली. आत्या म्हणायची, "मांडीत कुणीतरी भाड्याने राहतंय गं. सारखं सामान हलवतं."

दोन महिने. तिने 'नापास'वर खूण केली.

"कारण लिहा," साहेब गुरगुरले. "आणि चकचकीत असणं हा दोष कुठल्याच नियमात बसत नाही, सांगून ठेवतो."

तेवढ्यात पाहुणे आले. साहेबांचं एका क्षणात लोणी झालं. त्यांनी नेमकी आत्याची खुंटी उचलून पाहुण्यांच्या हातात दिली. "बघा, नुसता आरसा."

पाहुण्यांनी दारातच सॅनिटायझर चोळलं होतं. खुंटी सुळकन निसटली, टणटणत फरशीवरून गेली आणि लोखंडी कपाटाखाली शिरली.

शेवटी साहेबच कडक इस्त्रीच्या पँटनिशी गुडघ्यांवर बसले, मग पालथे झाले, मग खांद्यापर्यंत हात आत घातला. गाल घासलेल्या फरशीला टेकला.

ती कागद घेऊन त्यांच्या डोक्याशी उकिडवी बसली.

"लागतेय का हाताला?"

"लागतेय हो," साहेब धापा टाकत म्हणाले. "पण पकड बसत नाहीये."

तिने पेनाचं टोपण काढलं. "पुन्हा सांगा साहेब, तसंच लिहिते."