वाचलं की पुसतं

"वाज ना रे बाबा!" देवश्रीनं हेअर ड्रायर पुन्हा सेन्सरवर धरला. पेटी तापली. अलार्म ढिम्म.

नवजात बाळांना ऊब देणारी ती पेटी. ऊब मर्यादेबाहेर गेली की पेटीनं किंचाळलंच पाहिजे, नाहीतर आत बाळ भाजायचं आणि बाहेर कुणाला पत्ता नाही. म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या या छोट्या कारखान्यात पेटीचा सगळा प्रोग्राम देवश्रीनं लिहिलेला. काल सगळ्या पेट्या कान फाटेस्तोवर वाजल्या होत्या. आज त्या कृष्णराजनगरच्या हॉस्पिटलसाठी खाली टेम्पोत चढल्या, आणि देवश्री बाईसाहेबांना वर उरलेल्या एका पेटीच्या पोटात डोकवायची हुक्की आली. लॅपटॉपची केबल जोडली, चिपमधलं एक रजिस्टर पडद्यावर उघडून ठेवलं, आणि पेटी मुकी झाली.

देवश्रीनं ड्रायर खाली ठेवला. काल नुसत्या नशिबानं वाजल्या असतील तर? खाली टेम्पो सुरू झाला. अजून कुणाला काही ठाऊक नव्हतं, गप्प बसणं अगदी सोपं होतं. ती धावत खाली गेली.

मालक भुजंगराव टेम्पोपाशीच होते. जुन्या म्हैसूरच्या मराठा शिपायांच्या घरातले, बोलता बोलता कानडीत उतरणारे, आणि नाकावर राग. हॉस्पिटलला त्यांनी आजचा शब्द दिला होता.

"सर, गाडी थांबवा. पेट्या उतरवा. अलार्मचा भरवसा नाही."

"अय्यो, याके मा? का म्हणून? काल वाजत होता की!"

"आज वाजत नाही. माझंच काहीतरी चुकलंय."

भुजंगराव लालबुंद झाले. आणि तसेच ड्रायव्हरकडे वळले. "रघु, इळिसप्पा! उतरव, सगळं खाली उतरव."

देवश्री वर आली ती रडवेली होऊन. रागारागानं केबल उपटली, ड्रायर पुन्हा धरला. आणि पेटीनं असा काही टाहो फोडला, की शेजारच्या टेबलावरच्या सुमानं कानात बोटं घातली.

"अगं माझे बाई!" देवश्रीनं कपाळावर हात मारला.

रजिस्टर म्हणजे चिपमधला चिमुकला कप्पा. ऊब वाढली की त्यात खूण पडते. प्रोग्राम ती वाचतो आणि अलार्म वाजवतो. पण या कप्प्याची रीतच अशी, की कुणीही वाचलं की खूण पुसली जाते. पडद्यावर दाखवायचं म्हणून लॅपटॉप तो कप्पा सारखा वाचत बसला होता. प्रोग्राम पोचेपर्यंत आत काय उरणार, डोंबल? पेटी ठणठणीत होती. हिच्या बघण्यानंच तिचा आवाज बंद केला होता.

तरी तिनं उतरवलेली एकेक पेटी केबलशिवाय तापवून पाहिली. एकजात सगळ्या किंचाळल्या. हुश्श! त्या कलकलाटात देवश्री खुर्चीत मागे रेलून खुळ्यासारखी हसत राहिली. कधी नव्हे ते तिला जेवायचं आठवलं.

भुजंगराव दारात उभे होते. ती गडबडीनं उठली.

"सॉरी सर. उगाच पेट्या उतरवायला लावल्या."

"उगाच कसं मा?" ते म्हणाले. "पेटी नंतर वाजली. आधी तू वाजलीस."