चुंबकाची साक्ष

चुंबक ठोकळ्याला टक्‌कन चिकटला आणि वरदने मान वर केली. समोर शंकरकाका उभे होते. बावीस वर्षांपासून या कारखान्याचे साचे तेच बनवत होते आणि त्यांचं स्टीलही तेच निवडून आणत होते.

"काका, बिलात स्टेनलेस लिहिलं आहे. मग हे काय होय?"

"स्टेनलेसच आहे, वरदभैया. चुंबकाचं असं आहे का..."

"चुंबकाचं मले शिकवता?"

शिकवायची सोयच नव्हती. वरदच्या घराण्याचं गोल बाजारात भांड्यांचं दुकान, तीन पिढ्यांचं. त्या घरात पोराला दात येण्याआधी चुंबक हातात मिळतो. चिकटला तर माल खोटा, नाही चिकटला तर खरा. या एका परीक्षेवर आजोबांनी अर्ध्या रायपूरचे संसार मांडून दिले होते. वडिलांनी पुढे प्लास्टिकचा कारखाना काढला, पण खिशातला चुंबक काही सुटला नाही.

आणि या ठोकळ्यातून कोरायचा साचा बादली-मगाचा नव्हता. पीव्हीसीचे पाइपजोड करायचे होते. पीव्हीसी तापलं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि साध्या लोखंडाला खाऊन टाकते. म्हणून तर महागडं स्टेनलेस मागवलं होतं. ऑर्डर मोठी होती. साचा बिघडला तर कारखान्याला कुलूप लागायची वेळ.

"एकदा हार्डनिंगले, कडक करायले पाठवून पाहा," शंकरकाका हळू आवाजात म्हणाले. "भट्टीत सारं समजते."

"आणि तोपर्यंत पार्टीले काय सांगू?"

काकांनी मान खाली घातली. वरदला ती कबुलीच वाटली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? चांगला माल बाहेर विकला आणि हे लोखंड आणून ठेवलं, दुसरं काय. त्याला राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. कानस धरायला त्याला याच माणसाने शिकवलं होतं.

"उद्यापासून येऊ नका, काका."

पाच-सहा कामगार ऐकत होते. शंकरकाकांनी हात पुसले, चष्मा डबीत ठेवला. "हव, भैया," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

नवा ठोकळा वरदने स्वतः जाऊन आणला. दुधाने तोंड पोळलेला माणूस तो, ताक फुंकूनच पिणार. पहिल्या दोन दुकानांत चुंबक चिकटला. दुकानदार काही सांगू लागले, तर हा ऐकायला थांबलाच नाही. तिसरीकडच्या ठोकळ्यावरून चुंबक सरळ घसरून खाली पडला. वरद खूश झाला.

प्रशिक नावाच्या नव्या मिस्त्रीने दहा दिवसांत साचा कोरला. "माल लई चिवट आहे सर, कटर खाऊन राहिला," तो म्हणाला. वरदला बरंच वाटलं. महागाची वस्तू, चिवट असणारच.

साचा कडक करायला भिलाईला गेला. चौथ्या दिवशी भट्टीवाल्या रत्नाकररावांचा फोन आला.

"वरदजी, हे कडक होऊन नाही राहिलं. दोनदा भट्टीत टाकलं."

"असं कसं? अस्सल स्टेनलेस आहे. मी स्वतः चुंबक लावून पाहिला, बिलकुल चिकटत नाही."

"म्हणूनच तर. न चिकटणारं ते भांड्याचं, ते कडक होत नाही. साच्याचं स्टेनलेस चुंबक धरतेच." रत्नाकरराव हसले. "पण तुमच्याकडे एवढी चूक झाली कशी? शंकरभाऊ सुट्टीवर आहेत का?"