पिवळे डबे

बसा जरा. एक गोष्ट सांगतो. छोटीच आहे, पण ऐकून तोंड कडू होईल. मग मला बोल लावू नका.

रंगोबा म्हणतात त्याला. खेळण्यातल्या आगगाडीचे डबे जमवतो. खेळायचे नाहीत, कुणी हात लावायचा नाही, काचेच्या कपाटात मांडून ठेवायचे. बरं, डबे तरी वेगवेगळे? छे! तोच साचा, तोच नंबर, तोच पिवळा रंग. कारखान्यात रंग कालवताना कधी लाल थेंबभर जास्त पडला, कधी पांढरा कमी झाला, फरक काय तो तेवढाच. तुम्हाआम्हाला सगळे सारखेच. रंगोबाला विचारा, हा लिंबाचा, हा लोण्याचा, हा मोहरीचा. दहा पावलांवरून सांगतो पठ्ठ्या. तळहाताच्या फोडासारखे जपतो. उन्हानं रंग उडतो, म्हणून खिडकीला जाड काळा पडदा, बारा महिने ओढलेला. कोपऱ्यात एक मिणमिणता पिवळा दिवा. घर लहान, तेव्हा आईची खुर्चीही त्याच खोलीत.

परवा भरदुपारी त्याची बहीण आली. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "आई, जेवलीस का?"

"नको वाटतं गं. वासच नको होतो अन्नाचा."

"वय झालं की जेवण तुटतंच," रंगोबा कपाटात डोकं घालून म्हणाला. "ते सोड, इकडे ये. हा बघ, कालच आला. कडेला केशरी झाक दिसते का?"

"कपाळ दिसतंय माझं या अंधारात!" असं म्हणून बहिणीनं पडदा सर्रकन बाजूला केला.

ऊन घुसलं आत. शेपटीवर पाय पडावा तसा रंगोबा केकाटला. धावला, आईच्या गुडघ्यावरचं पांघरूण खस्सकन ओढलं आणि कपाटाच्या काचेवर टाकलं. म्हातारीचे पाय उघडे पडले, काडीसारखे. तीच बिचारी म्हणते, "ओढ बाई पडदा. त्याचा रंग जातो."

बहिणीचं लक्षच नव्हतं. ती आईच्या तोंडाकडं बघत होती. तोंड पिवळं, गळा पिवळा, नखं पिवळी. तिनं आईची खालची पापणी बोटानं ओढली. डोळ्यात पांढरं म्हणून काही उरलंच नव्हतं.

"दादा, आईकडं बघ."

"आधी पडदा लाव."

"अरे, आईचे डोळे बघ! मोठा रंग ओळखणारा ना तू? मग हा कुठला पिवळा, सांग!"

एका हातानं पांघरूण काचेवर दाबून धरत रंगोबानं मान वळवली. डबा बघताना करतो तसे डोळे बारीक केले. नीट बघितलं हो त्यानं! बघितलं नाही असं मी म्हणणार नाही.

"आजचं नाही हे," तो म्हणाला. "चढत गेलंय. आधी एवढं नव्हतं."

बहिणीला क्षणभर कळेना. मग कळलं. "म्हणजे दिसलं होतं तुला?"

"मला वाटलं, दिव्यामुळं दिसतंय."

"मग दिवसा उजेडात बघायचं नाहीस एकदा?"

"पडदा उघडावा लागला असता."

असं म्हणाला. पोटच्या पोरानं जन्मदात्या आईसमोर असं म्हणावं! आणि चेहऱ्यावर लाज नाही की काही नाही, हिशेब बरोबर जुळल्यासारखा उभा.

बहीण पुढं झाली. आईच्या काखेत हात घालून तिला उठवलं. दोन पावलं टाकली तोच म्हातारी थांबली. "ते पांघरूण घे गं. हुडहुडी भरते."

बहिणीनं हात पुढं केला. रंगोबानं पांघरुणावरचा हात काढला नाही. उलट दुसराही ठेवला.

तिनं आपला स्वेटर काढून आईच्या अंगावर घातला. दोघी जिना उतरत होत्या, एकेका पायरीवर थांबत. वर पडद्याच्या कड्या वाजल्या.

तेव्हापासून म्हातारी दवाखान्यात आहे. पोरीची नोकरी, ती सकाळ-संध्याकाळ जाते. दुपारी खाटेपाशी कुणी नसतं. म्हणून तर तुम्हाला बसवून घेतलं मघाशी. उद्या तासभर जाल का? औषधाचं नर्सबाई बघतात. बोलायचंही काही नाही, तिला दम लागतो. नुसतं तिच्याकडं बघत बसायचं.