राखलेली फुलं

फुलं वाचवायला आलेले पाटणकर सर फुलांवरच पालथे पसरले होते. इवल्याशा निळ्या फुलावरची माशी कॅमेऱ्यात नीट येईना, म्हणून कोपरांवर आणखी पुढे सरकले. ठकूबाईनं गळ्यातली शिट्टी तोंडाशी नेली आणि खाली सोडली. कातळ-पठाराच्या या सड्यावर पाय ठेवील त्याला शिट्टी वाजवून हटकायचं, हा नियम यांचाच.

म्हशी फुलं तुडवतात, असं सांगून तीन वर्षांपूर्वी सरांनीच सड्याला तारेचं कुंपण घालायला लावलं. जन्मभर म्हशी राखणारी ठकूबाई तेव्हापासून फुलं राखू लागली. पण चरायला कुणी उरलं नाही, तसं गवत कमरेएवढं माजलं आणि फुलं त्याच्याखाली गुदमरून मेली. राहिली ती फक्त या एका कोपऱ्यात.

"बघितलंत?" सर उठले. "जनावरं हटवली की निसर्ग कसा फुलतो! तुम्हा लोकांना कितीही सांगा, पटायचंच नाही."

"न्हाय बा, आमी अडाणी माणसं," ठकूबाई म्हणाली.

सरांच्या शर्टावर पोटापाशी शेणाचा हिरवा डाग पडला होता. चिखल समजून ते तो मोठ्या ऐटीत मिरवत होते.

सरांची गाडी वळणाआड गेली. ठकूबाईनं कोपऱ्यातल्या खांबावरची तार रोजच्यासारखी सोडली आणि बाहेर ताटकळलेल्या म्हशीच्या पाठीवर थाप मारली.

"चल गं चंद्रे. तुझी फुलं आवडली सायबाला."