शेजारच्या खाटा

हद्दीवरच्या ताडाची ताडी कोणी उतरवायची, यावरून तलासरीकडच्या मुकेशने चुलतभाऊ काकड्याच्या खांद्यात कोयता घातला. काकड्यानेही पडता पडता त्याची मांडी फाडली. इस्पितळात दोनच खाटा रिकाम्या, त्याही शेजारी शेजारी. आठ दिवस दोघे पडल्या पडल्या एकमेकांची आयमाय काढत होते. नवव्या दिवशी काकड्या मेला.

“म्हणजे आता खुनाची केस, मॅडम?” मुकेशने डॉक्टरणीला विचारलं.

“खांदा भरत आला होता त्याचा. पण तुझ्या जखमेतल्या जंतूंवर कुठलंच औषध चालत नाही. ते ड्रेसिंगच्या हातमोज्यांवरून त्याच्या जखमेत गेले आणि औषधाला पुरून उरायचं जनुक तिथल्या जंतूंनाही देऊन बसले.”

“असंच? फुकट?” मुकेशला खरंच नवल वाटलं.

“फुकट. जात वेगळी असली तरी देतात.”

मुकेशचा चेहरा उजळला. “मग तसं लिहून द्या ना! म्हणजे मी सुटतो, आणि तो ताड माझ्या एकट्याचा.”

“देते लिहून,” म्हणत तिने त्याच्या मांडीवरची चादर बाजूला केली. “आधी इथे सही कर. पाय आजच खुब्यापासून काढायचाय.”